वाघरीभोवतीची माणसं : ऊसपट्ट्यात बसलेल्या एका मेंढवाड्याचं प्रकरण

पौष महिना. ऊसतोड रंगात आलेली. घोड-कुकडीच्या खोऱ्यात, कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात एक वाडा उतरलेला : चार बिऱ्हाडं, २६० मेंढरं, चाळीसेक कोकरं, दोन घोडी, तीन कुत्री. वावराच्या एका अंगाला मालकाचं घर, दुसऱ्या अंगाला बांधाला लागून उभा आडसाली ऊस. रात्री दोनच्या सुमारास बिबट्या उसातून आला, मेंढरांभोवतीच्या वाघरीवरून आत उतरला आणि दहा मिनिटांत निघून गेला. हिशेब मांडता यावा म्हणून वाड्याचे आकडे आणि बाजारभाव नमुन्याचे धरले आहेत. बाकी शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांत दर हिवाळ्याला घडतं ते याच साच्यातलं असतं.

गावात सकाळी चर्चा होते ती बिबट्याची. किती मोठा होता, मादी होती का, पिंजरा कधी लागणार. आमच्या मते या प्रकरणात आधी मोजायला हवीत ती वाघरीभोवती झोपलेली माणसं.

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरखंडाची जाळी. उंची कंबरेएवढी, मेखा ठोकून गोल ताणायची. मेंढरं बाहेर पडू नयेत म्हणून ती असते, बिबट्याला अडवायला नव्हे. बिबट्याला अडवायची ती माणसांनी. जुनी पद्धत अशी की प्रत्येक बिऱ्हाडाचे एक-दोन गडी वाघरीला लागूनच घोंगडं टाकायचे, उशाला काठी, पायाशी कुत्रं. झोपायच्या जागा हाच पहारा.

आता गणित पाहा. बसलेल्या मेंढराला एक चौरस मीटर जागा धरली तर २६० मेंढरांच्या गोल वाघरीचा घेर साधारण ५७ मीटर होतो. दहा वर्षांपूर्वी याच वाड्यात आठ बिऱ्हाडं होती असं धरू. बिऱ्हाडामागे दोन या हिशेबानं सोळा माणसं वाघरीला, म्हणजे दर साडेतीन मीटरला एक. आज चार बिऱ्हाडांतून रात्री बाहेर झोपू शकणारी सहा माणसं निघतात, त्यांतली दोन साठी उलटलेली. दर साडेनऊ मीटरला एक. शिवाय ही सहा सारख्या अंतरावर झोपत नाहीत. थंडीत माणूस पालाच्या आणि शेकोटीच्या बाजूला सरकतो. त्या रात्री पाचजण घराच्या अंगाला होते, एक मधे, आणि उसाकडची वीसेक मीटर वाघर रिकामी.

कुणी म्हणेल, माणसं कमी झाली तर मेंढरंही कमी ठेवावीत. त्यानं भागत नाही. मेंढरं निम्मी, म्हणजे १३० केली, तरी घेर ५७ वरून ४० मीटरवर येतो, निम्म्यावर नाही. छोट्या वाड्याला प्रत्येक मेंढरामागे पहारा जास्त लागतो. आणि प्रत्यक्षात मेंढरं निम्मी होतही नाहीत. बिऱ्हाड मोडून रांजणगाव-चाकणच्या कारखान्याकडे गेलेला भाऊ आपली खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, विकतो ती वाड्यातल्याच दुसऱ्याला, नाहीतर अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, त्याच्याकडे सोपवतो. मेंढरं तेवढीच राहतात, राखणारे हात जातात.

त्या दहा मिनिटांत वाघरीत काय झालं

तीन कुत्र्यांपैकी एक म्हातारं, एक कुत्री पिलांपाशी पालात, आणि जे खरं कामाचं ते मालकाच्या माणसांवर धावून जातं म्हणून साखळीला. बिबट्या रिकाम्या बाजूनं आला. कंबरेएवढी जाळी त्याला काहीच नाही.

वाघरीत शिरलेला बिबट्या एकच जनावर मारून जाईल असं नसतं. मोकळ्या रानात एक धरलं की बाकीची पळतात आणि त्याचं काम संपतं. इथं पळायला वाट नाही, समोर सारखी हालचाल चालू राहते आणि तो पुन्हा पुन्हा पंजा टाकत जातो. मेंढरं मात्र बिबट्यापासून लांबच्या अंगाला एकमेकांवर चढून गठ्ठा करतात. त्या गठ्ठ्याखाली जे सापडेल ते गुदमरतं.

नेमकी इथंच मोठी चूक झाली होती. कोकरांचा कप्पा मुख्य वाघरीच्या आत, उसापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, जाळीच्या एका आडव्या पट्टीनं पाडलेला होता. कोकरं सुरक्षित राहावीत म्हणूनच ती जागा निवडलेली. पण बिबट्या उसाकडून आला की गठ्ठा त्याच कोपऱ्यात जमणार हे लक्षात घेतलं नव्हतं. मधली पट्टी कोसळली, पाच कोकरं चेंगरून मेली. त्यांच्या अंगावर दाताचा एकही वण नाही. ही गोष्ट पुढं कागदावर फार महागात पडते.

मग भारानं बाहेरच्या मेखा उपटल्या, वाघर आडवी झाली आणि पन्नासेक मेंढरं अंधारात पांगली. बहुतेक उजाडेपर्यंत परतली. काही शेजारच्या मक्यात सापडली, कणसं खाऊन पोट टम्म झालेली. अशा मेंढीला लगेच पाणी पाजू नये. पंधरा-वीस ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून बाटलीनं सावकाश पाजावा, तोंड फार वर न उचलता, नाहीतर पाणी फुप्फुसात जातं. दाणा भरपूर खाल्लेल्या कळपात आंत्रविषारही (आतड्यातल्या विषानं होणारा रोग) उठू शकतो. लस झालेली नसेल तर धोका जास्त.

सकाळची मोजदाद : तीन मेंढ्या जागेवर मेलेल्या, एक ओढून उसात नेलेली, दोन जखमी, पाच कोकरं गेलेली. पुढच्या आठवड्यात चार गाभण मेंढ्यांनी गाभ टाकला.

पंचनामा

सगळ्यांत पहिली गोष्ट म्हणजे सुरी लांब ठेवायची. अर्धमेल्या मेंढीचा गळा कापून निदान मटणाचे पैसे सोडवावेत, असं कुणाच्याही मनात येतं. पण बिबट्या धरतो गळ्याला किंवा मानेला. तिथं सुरी फिरली की दाताचे वण गेले आणि त्याबरोबर दावाही गेला.

मेलेलं जनावर जिथं पडलं तिथंच ठेवायचं. वर काटेरी फांद्या टाकायच्या म्हणजे गावची कुत्री तोंड लावत नाहीत. फोनवर तारीख-वेळ येईल असे फोटो घ्यायचे : एक लांबून, वाघर आणि ऊस दिसेल असा, एक गळ्याचा जवळून, एक ठशाचा, बाजूला काडेपेटी ठेवून. मांजरकुळाच्या ठशात नखं उमटत नाहीत. लांडगा आणि कुत्रा यांच्या ठशात ती बहुधा दिसतात. खबर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा पोलीस पाटलाला द्यायची. कुणाचाच नंबर नसेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

पशुधन विकास अधिकारी आले की मानेवरची कातडी चिरून बघायची विनंती करावी. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीखाली रक्त साकळलेलं काळं-निळं दिसतं. मेल्यानंतर कुत्र्यांनी फाडलं असेल तर तिथं रक्त साकळत नाही. बिबट्याच्या चाव्यात सुळ्यांची मोजकी, खोल भोकं असतात. लांडगा मागच्या पायांना आणि फऱ्याला धरतो, कोकरू असेल तर उचलूनच नेतो. मोकाट कुत्र्यांनी मारलेलं मेंढरू कान, शेपूट, मांड्या अशा दहा ठिकाणी कुरतडलेलं असतं. मोकाट कुत्र्यांच्या नुकसानीला वनखात्याची भरपाई नाही, त्यामुळे हा फरक नुसता माहितीचा राहत नाही.

भरपाईचा नियम असा : मेंढी-शेळी मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. जखमी जनावराला उपचाराचा खर्च ठरलेल्या मर्यादेत. आता या वाड्याचा हिशेब लावू. मेंढीचा भाव १२,००० धरला तर ७५ टक्क्यांनी ९,००० होतात. तीन मेंढ्यांचे २७,०००. उसात ओढून नेलेली सापडली नाही, म्हणून तिचं शून्य. चेंगरलेल्या पाच कोकरांवर वण नाहीत. पंचनाम्यात ‘हल्ल्यात चेंगरून मृत’ असं जरूर लिहून घ्यावं, पण ती धरली जातीलच यावर विसंबू नये. प्रत्येकी ४,००० म्हणजे २०,००० इथं गेले. चार गाभांचे, होणाऱ्या कोकराचा तोच भाव धरून, १६,००० आणखी. एकूण नुकसान ८४,०००, हातात येणार २७,०००. चांगला माडग्याळ जातीचा नर गेला असता तर वेगळंच दुखणं : २२,००० च्या नराचे ७५ टक्के १६,५०० होतात, पण मर्यादा १५,००० ची.

गाभ टाकण्याचा सगळा दोष मात्र बिबट्यावर टाकू नये. दगदगीनं आणि चेंगराचेंगरीनं गाभ पडतात ते पहिल्या काही दिवसांत. पंधरा दिवसांनंतरही मेंढ्या टाकत राहिल्या तर ब्रुसेल्ला या गाभ पाडणाऱ्या संसर्गाची तपासणी करून घ्यावी. पडलेला गाभ उघड्या हातानं उचलू नये, खोल पुरावा, कुत्र्यांना खाऊ देऊ नये.

खरी अडचण कागदाच्या पुढची आहे. वाडा एका वावरात एक-दोन रात्री बसतो. घरचा पत्ता एका जिल्ह्यातला, हल्ला दुसऱ्या तालुक्यात, पासबुक आणि आधार गावच्या पेटीत. पंचनाम्यासाठी थांबायचं तर पुढच्या शेतकऱ्याला दिलेला शब्द मोडतो आणि खतवणीचे, म्हणजे खतासाठी वावरात मेंढरं बसवल्याचे, पैसे बुडतात. म्हणून अशा वेळी एक माणूस मागं ठेवून वाडा पुढं जातो. सहातला एक गेला, की पुढच्या रात्री वाघरीला पाच. प्रत्येक बिऱ्हाडाच्या कारभाऱ्यानं आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि मेंढरांच्या टॅगचे नंबर यांचे फोटो फोनमध्ये ठेवले तर हा माणूस एका दिवसात मोकळा होऊ शकतो.

आणि विष. मेलेल्या मेंढीवर थिमेट हे कीटकनाशक टाकून ठेवायचा सल्ला देणारा गावात कुणीतरी भेटतोच. तो गुन्हा आहे. शिवाय भरपाईची अट अशी की हल्ल्यापासून सहा दिवसांत त्या जागेच्या दहा किलोमीटरच्या परिसरात कुठलाही वन्यप्राणी मेलेला आढळू नये. तसा आढळला तर दावा बुडतो. शिवाय ते मढं बिबट्याच्या आधी वाड्याच्याच कुत्र्यांना सापडतं.

मेंढरं उसाच्या कडेला आलीच का

लांडग्याशी धनगराचा व्यवहार जुना. सुपे, बारामती, इंदापूर, माळशिरसच्या माळावर लांडगा दिवसाढवळ्या, बहुधा सकाळ-संध्याकाळच्या कडेला येतो. एक लांडगा कुत्र्यांना हुलकावणी देऊन लांब नेतो, दुसरा मागं रेंगाळलेलं कोकरू उचलतो. त्यावरचा उपाय म्हणजे खांडीच्या पुढं एक माणूस आणि मागं एक. मागचा पोरगा असला तरी चालायचं. आरडाओरडा करून मागं धावलं की लांडगा पुष्कळदा कोकरू टाकून जातो. आता तो पोरगा शाळेत आहे, आणि असायलाच हवा. त्याच्या जागी रोजानं गडी ठेवायचा तर मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी महिन्याला एखाद्या कोकराच्या नुकसानीपेक्षा जड जाते. म्हणून खांडीला एकच मेंढका राहतो आणि मागची कोकरं लांडग्याची. तरीही लांडगा एका वेळी एक कोकरू नेतो. वाडा त्यानं मोडत नाही.

माळ मात्र उरला नाही. गायरानं वाटली किंवा बळकावली गेली. काही माळांवर चर खणून झाडं लावली आणि चराई बंद झाली, काही औद्योगिक वसाहतीत आणि सौरप्रकल्पांत गेले. कुकडीच्या कालव्यांनी जिरायती रानाचं बागायत केलं, आणि जिथं बाजरी निघाल्यावर तिचा सड चरायला मिळायचा तिथं ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. बिबट्याच्या मादीला तीन-साडेतीन महिन्यांचा गर्भकाळ आणि पिलांची पहिली वाढ उरकायला तेवढा आडोसा पुष्कळ होतो. कित्येक बिबट्यांनी डोंगर पाहिलेलाच नाही, त्यांचं रान म्हणजे ऊस. तोड सुरू झाली की एकेक फड मोकळा होतो आणि बिबटे उरलेल्या उसात दाटतात. नेमक्या याच दिवसांत मेंढरंही चाऱ्यासाठी त्याच शिवारात असतात, कारण पौष-माघात हिरवं काही आहे ते बागायतातच.

पूर्वी दिवाळीनंतर बरेच वाडे घाट उतरून कोकणात जायचे. भातखाचरात मेंढरं बसवायची, बदल्यात भात आणि पैसे, आणि पावसाच्या तोंडावर परत देशावर. तीही वाट अरुंद झाली आहे. कर्जत-पनवेलकडे खाचरं विकली गेली, भोवती कुंपणं आणि फार्महाऊस. जिथं जमीन शिल्लक आहे तिथं कसणारा मुंबईला गेला, खाचर पडीक पडलं. पडीक खाचराला खत कुणाला हवंय? दोन-चार पावसाळ्यांत तिथं झुडूप माजतं, म्हणजे तिथंही बिबट्याला आडोसा.

मिळकतीचं म्हणाल तर दख्खनी मेंढीच्या काळ्या भरड लोकरीला आज कातरणीची मजुरीही सुटत नाही. घोंगड्यांची मागणी आटली, ती विणणाऱ्या सणगरांचे माग बंद पडले. उरलं ते लोणंद-चाकणच्या बाजारात जाणारं कोकरू आणि थोडे खतवणीचे पैसे. सगळं उत्पन्न कोकरावर आल्यामुळे चेंगरलेली पाच कोकरं पूर्वीपेक्षा जड वाटतात. राज्यात २०१९ च्या पशुगणनेत सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या, त्यामुळे वरवर धंदा टिकून आहे असं दिसतं. पण गणना मेंढ्यांची होते, राखणाऱ्यांची नाही. राज्य सरकारच्या महामेष योजनेतही २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतो, पावसाळ्यात चराईसाठी भटक्या मेंढपाळाला अनुदान आहे. मदत चांगलीच आहे, पण तिनं मेंढरं वाढतात. रात्री वाघरीला झोपणारा माणूस तिच्यातून येत नाही.

दुसऱ्या रात्रीपासून काय बदललं

वाड्यानं जागा निवडायची पद्धत बदलली. शेतकरी बांधाकडचंच वावर आधी खतवून मागतो, कारण तिथं माती हलकी असते. आता बोली आधीच करायची : मधलं वावर देणार असाल तरच बसू, उसापासून निदान शंभर पावलं. खतवणीचे पैसे थोडे कमी आले तरी चालतील.

कोकरांचा कप्पा वाघरीतून बाहेर काढला. लोखंडी पट्टीच्या चौकटीला जाळी जोडून चार बाय सहा फुटांचे दोन पिंजरे, वरूनही बंद. बिऱ्हाड हलवताना ते पिकअपमध्ये उभे बसतात. रात्री पालाला चिकटून ठेवायचे. एका पिंजऱ्यात पंधरा-वीसच लहान कोकरं घालावीत, जास्त कोंबली तर उबाऱ्यानं आणि ओलीनं खोकला धरतो.

वाघर गोल न लावता घराच्या किंवा पालाच्या अंगाला चपटी केली. घेर थोडा वाढतो, पण माणसं एका बाजूला असल्याचा तोटा कमी होतो. उसाच्या अंगाला वाघरीपासून पाच-सहा पावलांवर दुसरी हलकी नायलॉनची जाळी सैल सोडली आणि तिला रिकामे डबे बांधले. ती बिबट्याला थांबवत नाही, पण आवाज होतो आणि उडी मारायला दोनदा अंदाज घ्यावा लागतो. कुत्रं साखळीतून सोडून उसाच्या अंगाला, गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून. बिबट्या कुत्र्यालाही उचलतो, आणि पट्ट्याविना बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट.

सौरदिव्यांबद्दल बरेचजण सांगतात की बिबट्या आठवड्यात सरावतो. गोठ्याच्या बाबतीत ते खरं आहे. फिरत्या वाड्याचा एक फायदा असा की तो दर दोन रात्रींनी नव्या शिवारात, नव्या बिबट्यासमोर असतो. त्याच्यासाठी लुकलुकता दिवा रोज नवा. जुन्नर वनविभागानं मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे वाटले आहेत, ते मागून घ्यावेत. तंबू मेंढरांसाठी नव्हे, पोरांसाठी. या पट्ट्यात बिबट्यानं मेंढपाळांची लहान लेकरं उचलली आहेत, त्यामुळे दहा वर्षांखालचं कुणी उघड्यावर झोपायचं नाही, हा नियम बाकी सगळ्याच्या आधी. पहाटे बाईमाणसाला बाहेर जायचं तर दोघींनी मिळून, बॅटरी घेऊन, उसाच्या अंगाला नाही.

खर्च मांडला तर पिंजरे, जाळी, पट्टे मिळून वाड्याला पंधरा-वीस हजारांत बसतं, म्हणजे भरपाईच्या २७,००० मधून भागतं. पहाऱ्याची पाळी मात्र बसेना. सहा माणसांत रात्री तीन पाळ्या केल्या तर प्रत्येकाला रोज दोन-तीन तास जागायचं, आणि दिवसभर त्याच माणसानं दहा-बारा किलोमीटर मेंढरांमागे चालायचं. चौथ्या रात्रीपासून मधली पाळी झोपू लागली. शेवटी चारही बिऱ्हाडांनी ठरवलं की फाल्गुनापर्यंत शेजारच्या दुसऱ्या वाड्याबरोबर एकाच वावरात बसायचं. त्या वाड्याची १८० मेंढरं, सात माणसं. एकत्र ४४० मेंढरांच्या वाघरीचा घेर ७४ मीटर, माणसं तेरा. पावणेसहा मीटरला एक. चारा लवकर संपतो, रोज नवं वावर शोधावं लागतं, आणि दोन वाड्यांच्या कुत्र्यांची पहिले तीन दिवस मारामारी झाली.